कन्सोलचा कार्पेट एरिया

पुण्यात किंवा मुंबईत ज्यांनी कधी फ्लॅट शोधला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. होर्डिंगवर लिहिलेलं असतं, 'अमुक लाखांपासून पुढे'. आपण रविवारी सहकुटुंब साइटवर जातो, सॅम्पल फ्लॅट बघून खूश होतो, आणि मग तो टाय लावलेला मुलगा कॅल्क्युलेटर काढतो. पार्किंगचे वेगळे, क्लब हाऊसचे वेगळे, मेंटेनन्स दोन वर्षांचा आगाऊ, स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन तर तुमचंच. शिवाय ज्या चौरस फुटांवर आपण भाळलो त्यात जिना, लॉबी आणि लिफ्टसमोरची जागाही मोजलेली! २०१६ च्या रेरा कायद्याने निदान एक केलं. कार्पेट एरिया म्हणजे काय याची व्याख्या पक्की केली आणि बिल्डरला तो आकडा सांगणं भाग पाडलं. सतरंजी जिथे अंथरता येईल तेवढीच जागा आपली, बाकी सगळं काव्य.

व्हिडिओ गेम कन्सोलच्या धंद्यात असा रेरा अजून आलेला नाही. डब्यावरची किंमत म्हणजे 'अमुकपासून पुढे' यातलं फक्त 'अमुक'. 'पासून पुढे' हे शब्द छापायचे तेवढे राहून जातात.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ज्या किमतीत वस्तू आपलं मुख्य काम नीट करू शकत नाही, ती त्या वस्तूची किंमतच नव्हे. ते टोकन आहे. आणि डब्यात काय घालायचं आणि काय बाहेर काढून वेगळं विकायचं, हे बहुतेक वेळा तंत्रज्ञान ठरवत नाही. कोणीतरी एका मीटिंगमध्ये एक्सेल शीट उघडून ते ठरवलेलं असतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे अशा मीटिंगा कशा चालतात याचा थोडाफार अंदाज आहे. तिथे 'हे काढलं तर वस्तू अर्धवट राहील' असं म्हणणारा एखादा इंजिनियर असतोच, आणि शेवटी त्याच्याकडे कोणी बघत नाही हेही असतंच. असो.

आधी एक हिशोब करू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्क ड्राइव्हवाल्या कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये. डब्यात कन्सोल, एक कंट्रोलर, एचडीएमआय केबल, चार्जिंगची केबल, स्टँड, आणि आतमध्ये आधीच भरलेला 'ॲस्ट्रोज प्लेरूम' हा छोटा गेम. गेम उत्तम आहे, खोटं कशाला बोलू? पण दोन-चार संध्याकाळींत तो संपतो. मग? त्या वेळी दुसरा कंट्रोलर ५,९९० रुपयांना होता आणि सोनीचा एक मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना. बेरीज करा: ६०,९७९. म्हणजे घरातल्या दोन माणसांनी मिळून एक बरा गेम खेळायचा, एवढ्या माफक अपेक्षेसाठी डब्यावरच्या आकड्यापेक्षा २२ टक्के जास्त. यात मी हेडफोन धरलेला नाही, कॅमेरा धरलेला नाही, कंट्रोलर ठेवायचा चार्जिंग स्टँड धरलेला नाही. ते शौक. ऑनलाइन खेळायची वर्गणीही धरलेली नाही, तिच्याकडे नंतर येतो.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीतला गृहस्थ तसा नशीबवानच म्हणायचा. त्याला मसाला निदान कुठल्याही वाण्याकडून घेता येत होता. इथे मसालाही कोंबडीवाल्याकडचाच लागतो, आणि दुसरीकडचा घातला तर कढई तो ओळखत नाही.

हा विषय निघाला की सगळ्या ॲक्सेसरीज एकाच टोपलीत टाकून भांडण होतं. तसं करू नये. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार शौकाचा. रेसिंगचं स्टिअरिंग, भारी हेडफोन, रंगीत कव्हर. ज्याला हवं त्याने घ्यावं. माझी काहीही तक्रार नाही.

दुसरा प्रकार गरजेचा, पण दुकानात शौकाच्या रांगेत मांडलेला. चार्जर, दुसरा कंट्रोलर, गेम साठवायला पुरेशी जागा, ऑनलाइन खेळायची परवानगी.

तिसरा प्रकार कुलपाचा. वस्तू साधीच, बाजारात दहा जण बनवतात, पण तुमच्या कन्सोलला एकाच घरची चालते.

माझं भांडण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराशी आहे. आणि हे प्रकार आजचे नाहीत.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला तेव्हा त्याला दोन कंट्रोलर वायरीने कायमचे जोडलेले होते. खेळ म्हटला की समोर भिडू हवा, हे तेव्हा गृहीत होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे त्याच्या नकला 'टीव्ही गेम' म्हणून मिळायच्या, त्यातही दोन रिमोट असायचे, आणि नशीब असेल तर बदकं मारायची बंदूक. माल नकली, पण डबा पूर्ण!

मग डबा हलका व्हायला लागला. ऑक्टोबर २००० मध्ये प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९.९९ डॉलरला आला. कंट्रोलर एक, मेमरी कार्ड नाही. ८ एमबीचं कार्ड ३४.९९ डॉलरला वेगळं. आता हे कार्ड नसेल तर काय होतं? रात्री दोनपर्यंत जागून सहा लेव्हल पार करा, कन्सोल बंद करा, आणि सकाळी पुन्हा श्रीगणेशा. म्हणजे वही विकत घ्यायची आणि शाई वाळायची असेल तर त्याचे वेगळे पैसे. याला ॲक्सेसरी म्हणायचं?

२००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह होता, पण त्यावर सिनेमा बघायचा तर २९.९९ डॉलरचं रिमोट किट घ्यावं लागे. यात निदान एक तर्क होता. डीव्हीडीच्या परवान्याचे पैसे प्रत्येक यंत्रामागे भरण्यापेक्षा ज्याला सिनेमा बघायचाय त्याच्याकडून घ्यावेत. ठीक. खेळाचं यंत्र, सिनेमा हे जादा काम. हे मी मान्य करतो.

पण नोव्हेंबर २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ला मी हे मान्य करत नाही. त्याचं गणित शाळेत शिकवण्यासारखं आहे. दोन डबे होते. 'कोअर' २९९.९९ डॉलरला, हार्ड डिस्कशिवाय, वायरचा कंट्रोलर. आणि दुसरा ३९९.९९ डॉलरला, २० जीबी हार्ड डिस्क, बिनवायरीचा कंट्रोलर, हेडसेट. जाहिरातीत लक्षात राहणारा आकडा अर्थातच पहिला. घरी गेल्यावर कळायचं की जुन्या एक्सबॉक्सचे गेम चालवायला हार्ड डिस्क लागते, आणि गेम सेव्ह करायला एक तर हार्ड डिस्क नाही तर ६४ एमबीचं कार्ड, ३९.९९ डॉलरला. हार्ड डिस्क सुटी ९९.९९ ला. करा बेरीज. ३९९.९८! एक सेंट वाचला, आणि बिनवायरीचा कंट्रोलर आणि हेडसेट गेले. ज्याच्याकडे पैसे कमी म्हणून त्याने स्वस्तातला डबा घेतला, तो शेवटी तेवढेच पैसे देऊन कमी माल घरी आणतो. वायफाय? ते दोन्ही डब्यांत नव्हतं. ९९.९९ डॉलर. पुढे २०१० च्या सुधारित मॉडेलमध्ये ते आतच बसवलेलं आलं.

कुलपाच्या प्रकाराचा नमुना म्हणजे प्लेस्टेशन व्हिटा. फेब्रुवारी २०१२, अमेरिकेत २४९.९९ डॉलर. यंत्र फारच देखणं. पण मेमरी कार्ड सोनीचंच, दुसऱ्या कुठल्याही यंत्रात न चालणारं. ३२ जीबीचं कार्ड ९९.९९ डॉलर. म्हणजे कन्सोलच्या किमतीच्या ४० टक्के नुसत्या नखाएवढ्या कार्डाला. तेव्हा तेवढ्याच जागेचं मोबाइलमधलं मायक्रोएसडी कार्ड याच्या कितीतरी कमी पैशांत मिळत होतं.

'अहो, पण तांत्रिक कारणं असतात,' असं कोणीतरी म्हणेलच. असतात ना. म्हणूनच पुढची तुलना बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये एकाच आठवड्यात दोन कंपन्यांनी नवे कन्सोल आणले. दोघांनाही अतिवेगवान एसएसडी हवी होती, दोघांपुढेही जागा वाढवण्याचा प्रश्न एकच होता. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या आकाराचं कार्ड काढलं. सुरुवातीला बनवणारी कंपनी एक, १ टीबीची किंमत २१९.९९ डॉलर. एक्सबॉक्स सिरीज एस हा कन्सोलच २९९.९९ डॉलरचा होता, म्हणजे कार्ड कन्सोलच्या ७३ टक्के! बरं, कार्ड घेऊ नये म्हणावं तर सिरीज एसमध्ये ५१२ जीबीपैकी वापरायला मिळायचे ३६४ जीबी, आणि एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जाऊ लागलेला. सोनीने उलट वाट धरली. प्लेस्टेशन ५ मध्ये एम.२ चा स्लॉट दिला. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून वेगाची आणि हीटसिंकची अट पाळणारी कुठल्याही कंपनीची एसएसडी त्यात चालू लागली. तीच जी आपण लॅपटॉप-पीसीसाठी घेतो. सेलमध्ये घ्या, जुन्या बाजारात विका, तुमची मर्जी. प्रश्न एक, इंजिनियर दोन्हीकडे हुशार, आणि एकाने दार ठेवलं तर दुसऱ्याने कुलूप. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्डाला दुसरा उत्पादक आला आणि किंमत उतरली. तांत्रिक कारणाने महाग असलेली वस्तू नुसता स्पर्धक आल्याने स्वस्त होते का हो?

सोनीचं कौतुक केलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. २०२३ च्या अखेरीस प्लेस्टेशन ५ चं बारीक मॉडेल आलं तेव्हा उभं ठेवायचा स्टँड डब्यातून गेला, २९.९९ डॉलर वेगळे. डिस्क ड्राइव्ह सुटा झाला. बिनड्राइव्हचा कन्सोल ४४९.९९, ड्राइव्हसकट ४९९.९९, आणि नंतर सुटा ड्राइव्ह घेतला तर ७९.९९. म्हणजे आधी स्वस्तातला घेऊन मग ड्राइव्ह लावणाऱ्याला तेव्हा ५२९.९८ पडत होते. २००५ च्या गणितापेक्षाही वाईट! एक वर्षाने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, प्लेस्टेशन ५ प्रो अमेरिकेत ६९९.९९ डॉलरला आला. सगळ्यात महागडं मॉडेल, आणि ड्राइव्हही नाही, स्टँडही नाही. दोन्ही घेतले की ८०९.९७.

भारतातल्या माणसाला हा ड्राइव्ह क्षुल्लक वाटायचं कारण नाही. आपल्याकडे गेमची सीडी हे एक चलन आहे. खेळून झाली की विकायची, मित्राशी बदलायची, चुलत भावाला द्यायची. ड्राइव्ह नसलेला कन्सोल घेतला की हे चलन बंद. मग गेम एकाच दुकानातून, ते दुकान म्हणेल त्या भावाने. भारतात २०२१ साली बिनड्राइव्हचं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त होतं. ते दहा हजार वाचले की उधार घेतले, हे पुढच्या तीन वर्षांत कळतं.

निन्टेन्डोचा काटकसरीचा तर वेगळाच थाट. २०१५ मध्ये अमेरिकेत न्यू निन्टेन्डो थ्रीडीएस एक्सएल विकला तो चार्जरशिवाय. जुना असेलच की घरी, असा हिशोब. ज्याच्या घरी नाही, त्याचं काय? वाढदिवसाला भेट मिळालेल्या पोराने डबा फोडायचा आणि दुकान उघडण्याची वाट बघायची. २०१७ च्या स्विचच्या डब्यात दोन छोटे कंट्रोलर बसवायची एक प्लास्टिकची पकड होती. अगदी तशीच दिसणारी, पण आत चार्जिंग होणारी पकड २९.९९ डॉलरला वेगळी. डब्यातल्या पकडीला फक्त चार्जिंगची सोय तेवढी नव्हती. २०२५ च्या स्विच २ मध्येही हीच विभागणी. आठ वर्षं विचार करून!

न्यायाने सांगायचं तर, स्विच २ ला गेमसाठी जुनं मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं, यावर मी ओरडणार नाही. तिथे वेगाचा खरा प्रश्न आहे आणि ते कार्ड खुल्या मानकाचं आहे, कोणीही बनवू शकतो. माझी अट तेवढीच आहे. कारण खरं असावं, आणि घेणाऱ्याला आधी कळावं.

आता वर्गणीकडे येतो. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि विकत घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस लागू लागलं (फुकट मिळणारे गेम सोडून). अमेरिकेत वर्षाला ४९.९९ डॉलर, सप्टेंबर २०१६ पासून ५९.९९. ज्याने पहिल्या दिवशी कन्सोल घेतला आणि प्लेस्टेशन ५ येईपर्यंत सात वर्षं दर नोव्हेंबरात वर्गणी भरली, त्याने किती दिले? तीनदा ४९.९९ आणि चारदा ५९.९९, एकूण ३८९.९३ डॉलर. कन्सोलची किंमत ३९९.९९. म्हणजे त्याने एक कन्सोल घेतला आणि दुसरा हप्त्याहप्त्याने कंपनीला परत भेट दिला. आणि हा दर तुमच्या हातात नाही. २०२३ च्या सप्टेंबरात वर्षाची मूळ वर्गणी ७९.९९ झाली. कन्सोल तुमच्या घरात, त्यातले गेम तुमचे, इंटरनेटचे पैसे तुम्ही वेगळे भरताय, आणि तरी मधल्या दारावर टोलनाका. पुणे-मुंबई रोज करणाऱ्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

आता विरुद्ध बाजू. मी ती उडवून लावणार नाही, कारण त्यातलं काही खरं आहे.

पहिला आक्षेप: 'कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात, तो तोटा कुठून तरी भरून काढणारच.' मे २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लॉरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रांवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मी विश्वास ठेवतो. पण मग एवढंच सिद्ध होतं की डब्यावरची किंमत खरी नाही, हे कंपनीलाही ठाऊक आहे! तोटा भरून काढायला माझी ना नाही. गेमच्या विक्रीतला वाटा घ्या, तो घेताच. पण जी रक्कम तुम्ही माझ्याकडून वसूल करणारच आहात, ती मला आधी सांगायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप: 'सुटं विकल्यामुळे गरिबाला निदान सुरुवात करता येते.' ऐकायला गोड आहे. पण वरची गणितं पुन्हा बघा. हप्त्याहप्त्याने ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क जोडत जाणाऱ्याला तेवढेच किंवा जास्तच पैसे पडले. गरिबाची सोय करायची असती तर सुटे भाग एकत्र घेतल्याच्या भावात मिळाले असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो: 'हे सगळ्यांना माहीत असतं. दहा मिनिटं गुगल करायचं.' कोणाला माहीत असतं? तुम्हाला आणि मला. २००६ साली झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याच विषयावर एक निबंध लिहिला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे त्यातलं उदाहरण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुढचे खर्च लपवणाऱ्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक मूळ वस्तू स्वस्तात उचलतं आणि महागड्या जोडण्या टाळतं. त्याच्या स्वस्ताईचे पैसे भरतो तो अजाण गिऱ्हाईक. आणि गंमत म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीलाही हे उघडं पाडण्यात फायदा नसतो. कारण तिने अजाण माणसाला शहाणं केलं, की तो शहाणा होऊन पुन्हा त्या लपवणाऱ्याकडचीच स्वस्त वस्तू घेतो! म्हणून बाजार आपोआप सुधारेल, स्पर्धा सगळं ठीक करेल, हे इथे चालत नाही. सगळ्यांनी मिळून गप्प बसणंच फायद्याचं ठरतं.

या निबंधातलं अजाण गिऱ्हाईक आपल्या गावात कोण? माझ्या ऑफिसातल्या एका सीनियर सहकाऱ्यांचं उदाहरण देतो. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. घरात दोन मुलं, दहावीच्या निकालाचं कबूल केलेलं बक्षीस. महिनाभर बजेट जुळवून ते दुकानात गेले, आणि मला सोबत यायला सांगितलं. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता, पण त्याला टार्गेट होतं.

"काका, हा एकच रिमोट आहे हं यात. पोरं दोन आहेत ना? भांडतील."

"म्हणजे दुसरा वेगळा घ्यायचा?"

"हो. आणि गेम कुठला देऊ? मोठा एखादा घ्या. आणि वर्षाचं ऑनलाइन पण टाकू का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणता येत नव्हतं, कारण मोठा मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या समोर 'परवडत नाही' म्हणायचं नव्हतं. त्यांनी दुसरं कार्ड काढलं.

इथे कोणी कोणाला फसवलं नाही. पावती चोख, वस्तू अस्सल. पण ज्या आकड्याच्या भरवशावर एका माणसाने महिनाभर घरखर्चाची जुळवाजुळव केली, तो आकडा खोटा होता. त्याला घासाघीस करायची, नको म्हणायची, दुसरं काही निवडायची जी एक संधी होती, ती घरी बसून शांतपणे विचार करताना होती. ती त्याला मिळालीच नाही. माझ्या रागाचं खरं कारण हे आहे. पैसे गेले हे दुय्यम. निर्णय घेण्याची वेळ टळून गेल्यावर किंमत सांगायची, हा या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे पॅकबंद मालावर सर्व करांसहित एम.आर.पी. छापावीच लागते. हा फार चांगला नियम आहे, अमेरिकेत शेल्फवरच्या किमतीवर काउंटरला टॅक्स चढतो तेव्हा आपल्या माणसाला त्याची आठवण होते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ 'डार्क पॅटर्न' ठरवून त्यांना मनाई केली. त्यात थेंबाथेंबाने किंमत सांगणं, म्हणजे ड्रिप प्रायसिंगही आहे. पण कन्सोलवाला त्यात सापडत नाही. दुसरा कंट्रोलर ही कागदोपत्री वेगळीच वस्तू, तिचा वेगळा डबा, वेगळी एम.आर.पी. डब्यात काय आहे ते तो इमानदारीने लिहितो. काय नाही ते लिहायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

सांगता येतं, याचा पुरावा युरोपात आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे फोन, टॅब्लेट आणि हातात धरून खेळायचे कन्सोल यांना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं झालं. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: डब्यात चार्जर आहे की नाही हे चित्राने दाखवायचं. नसेल तर प्लगच्या चित्रावर काट. भाषा येवो न येवो, आजीलाही कळेल असं.

मला एवढंच हवं आहे, फक्त चार्जरपुरतं नको. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे वर्षानुवर्षं करतोय. लिनक्सवर एखादं पॅकेज टाकायला जा. तो आधी यादी दाखवतो की याच्यासोबत हे अमुक अमुक लागेल, इतकी जागा जाईल, पुढे जाऊ का? हो की नाही? फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवढी सभ्यता आहे तेवढी पन्नास हजारांच्या डब्यावर असू नये?

डब्यावर चार ओळी छापा. किती जण खेळू शकतात, आणि त्यातल्या किती जणांचे कंट्रोलर आत आहेत. गेम साठवायला प्रत्यक्षात किती जागा उरते. वाढवायची तर कुठल्याही कंपनीचं कार्ड चालतं की आमचंच लागतं. ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते का, आणि आजच्या दराने वर्षाला किती. बस. किंमत कमी करा असं मी म्हणतच नाही. फक्त सतरंजी कुठवर जाते ते दाखवा.

हे छापलं जाईपर्यंत एक करता येईल. आपल्यापैकी ज्यांना यातलं कळतं, त्यांना दर दिवाळीत कोणी ना कोणी विचारतंच, 'कुठला कन्सोल घेऊ रे?' उत्तर देताना ग्राफिक्स आणि टेराफ्लॉप्सच्या गप्पा मारण्याआधी कागद घ्या आणि पूर्ण बेरीज लिहून द्या. कंट्रोलर, गेम, जागा, पाच वर्षांची वर्गणी. खाली एक रेघ मारून एकच आकडा. कंपनी तो सांगणार नाही, प्रतिस्पर्धी सांगणार नाही, दुकानदाराला परवडणार नाही. राहिलो आपण.

आणि स्वतः दुकानात गेलात तर काउंटरवर फक्त एवढंच विचारा: "भाऊ, हा एकच डबा घरी नेला, तर आज रात्री आम्हा दोघांना खेळता येईल का?"

तो क्षणभर थांबला, की समजा, किंमत अजून सांगून झालेली नाही.